आहेर, देणगी आणि मिंधेपणा

केंद्र सरकारच्या सेवेतील 'क' वर्गाच्या कर्मचाऱ्याला, देणारा आप्त वा स्नेही नसेल तर, २,००० रुपयांहून अधिक किमतीची भेटवस्तू सरकारच्या मंजुरीवाचून स्वीकारता येत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी ही मर्यादा ५,००० रुपयांची आहे. लग्नकार्यात आप्तेष्टांनी केलेला आहेरसुद्धा ठरावीक किमतीपलीकडे गेला तर वरिष्ठांना कळवावा लागतो. एखादे वेळचे जेवण अथवा वाटेत गाडीतून सोडणे ही भेट समजली जात नाही. मात्र ज्याचे काम आपल्या टेबलावर पडले आहे, त्याचा ऐसपैस पाहुणचार टाळावा, असेही १९६४ च्या वर्तणूक नियमांत बजावले आहे. रकमा वेळोवेळी वाढल्या, परंतु नियमांमागचे तत्त्व बदललेले नाही.

हे तत्त्व समजण्यास कायद्याच्या पदवीची गरज नाही. आपल्या समाजात आहेर परतफेडीचा असतो, हे घरातील पोरालाही ठाऊक असते. कोणी काय दिले याची वही ठेवली जाते आणि त्यांच्या घरच्या कार्यात ती उघडली जाते. घेणारा मिंधा होतो, आणि मिंध्या माणसाला नाही म्हणणे जड जाते. सार्वजनिक अधिकार हाती असलेल्या माणसाला ही परतफेड स्वतःच्या खिशातून करावी लागत नाही. ती परवान्यातून, कंत्राटातून, अडवलेल्या अथवा सोडलेल्या फायलीतून होते, म्हणजे अखेर जनतेच्या खिशातून होते. म्हणून कायदा भेटवस्तूला किमतीची मोजपट्टी लावतो. हे योग्यच आहे.

प्रश्न असा की, कारकुनाला लावलेली ही मोजपट्टी राज्यकर्त्याच्या दारापर्यंत पोहोचते काय? निवडून आलेल्या प्रतिनिधीने कामाच्या मोबदल्यात पैसे घेतले तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा ठरतो. परंतु तोच पैसा, त्याच माणसाने, निवडणुकीपूर्वी महिनाभर आधी पक्षाच्या हवाली केला तर त्याला 'देणगी' म्हणतात आणि त्यावर आयकरात सूटही मिळते. व्यक्तीने पक्षाला किती द्यावे, याला आपल्या कायद्यात कमाल मर्यादाच नाही. कारकुनाच्या दोन हजारांची चौकशी करणारा कायदा धनिकाच्या दोन कोटींपुढे मात्र मौन धरतो.

या धोक्याची जाणीव कोणाला झाली नव्हती, असे नाही. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात दुरुस्ती मागितली, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. तत्कालीन कायद्याप्रमाणे न्यायालयाला ती अडवता आली नाही. परंतु मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी, हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचाच गळा घोटू शकेल, असा इशारा देऊन संसदेचे लक्ष त्याकडे वेधले. पुढे १९६० मध्ये कंपन्यांच्या देणग्यांना २५,००० रुपये किंवा सरासरी नफ्याचे पाच टक्के, यांपैकी जे अधिक असेल, तेवढी मर्यादा घालण्यात आली. १९६९ मध्ये तर अशा देणग्यांवर पूर्ण बंदी आली.

बंदीने पैसा थांबला नाही. त्याने फक्त वाट बदलली. पक्षांच्या स्मरणिका निघू लागल्या आणि त्यांतील जाहिरातींसाठी कंपन्या भरमसाट दर मोजू लागल्या. उरलेला व्यवहार काळ्या पैशात होऊ लागला. मागणी कायम ठेवून पुरवठा बंद केला की काळा बाजार फोफावतो, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ येथेही खरा ठरला. १९८५ मध्ये बंदी उठवून पुन्हा पाच टक्क्यांची मर्यादा आली आणि २०१३ च्या कायद्याने ती साडेसात टक्के झाली.

मागणीच्या बाजूची कथा याहून उद्बोधक आहे. उमेदवाराच्या खर्चाला कायद्याने मर्यादा आहे; महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात २०२२ पासून लोकसभेसाठी ती ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये ठरवण्यात आली. १९७४ च्या ऑक्टोबरात कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरावा. यावर त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून पक्षाचा व मित्रांचा खर्च हिशेबाबाहेर ठेवला. २००३ च्या दुरुस्तीने ही सवलत बरीच आखडली. तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला आजही कमाल मर्यादा नाही. पुढचे दार कुलूपबंद आणि मागचे सताड उघडे, अशी ही व्यवस्था आहे.

२०१७ मध्ये तर कंपन्यांवरील साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढली गेली आणि २०१८ पासून देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे आले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि कंपन्यांना अमर्याद देणगीची मुभा देणारी दुरुस्तीही रद्द केली. तोवर सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. नावे जाहीर झाली तेव्हा सर्वांत मोठी खरेदी लॉटरीच्या धंद्यातील एका कंपनीची आणि त्याखालोखाल सरकारी कामांची कंत्राटे घेणाऱ्या एका कंपनीची असल्याचे दिसले. एवढ्यावरून सौदा सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु संशय घेण्याचा किंवा तो निवारण्याचा मार्गच सहा वर्षे मतदाराला बंद होता, ही गोष्ट लहान नव्हे.

रोखे गेले, म्हणून प्रश्न सुटला असे समजणे भाबडेपणाचे होईल. वर्षाला २०,००० रुपयांपर्यंत देणाऱ्याचे नाव जाहीर करण्याचे बंधन पक्षांवर नाही. त्याहून मोठ्या देणग्यांची यादी निवडणूक आयोगाकडे जाते ती आर्थिक वर्ष सरल्यावर. म्हणजे मत देऊन झाल्यावर मतदाराला कळते की आपल्या उमेदवाराच्या पक्षाला कोणी पोसले. निवडणुका खर्चिक आहेत आणि तो खर्च कोणीतरी भागवलाच पाहिजे, हा युक्तिवाद रास्त आहे. म्हणूनच बंदी हा उपाय नव्हे. पक्षाच्या खर्चाला मर्यादा, एका व्यक्तीच्या देणगीला मर्यादा आणि मतदानापूर्वी नावांची प्रसिद्धी, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच मोजपट्टीला अर्थ येईल. यांपैकी एकच केली तर पैसा दुसरी वाट शोधील, हे १९६९ नंतरच्या अनुभवाने दाखवून दिले आहे.

दिवाळीत आलेला मिठाईचा पुडा परत करताना एखाद्या प्रामाणिक कारकुनाला संकोच वाटतो. तरी तो परत करतो, कारण नियम आहे आणि नियमामागे नीती आहे, असे त्याला वाटते. हा विश्वास ही राज्याची मोठी पुंजी होय. नियम फक्त आपल्यासाठीच आहे, असे ज्या दिवशी त्याला पटेल, त्या दिवशी पुडा परत करण्याचे त्याला काही कारण उरणार नाही.