२५ पिनांचा कारागीर

“मागे प्रिंटर पोर्ट आहे का?” जुना कॉम्प्युटर बघायला आलेल्या फॅब्रिकेशनवाल्याचा पहिला प्रश्न हाच असतो. रॅम किती, डिस्क केवढी, हे नंतर. २५ छिद्रांचं ते आडवं पोर्ट दिसलं की सौदा पुढे सरकतो. नव्या पीसीवर ते सहसा मिळत नाही, आणि पत्रा कापणारं मशीन चालवायला यूएसबीची प्रिंटर केबल चालत नाही. ऑफिसातून भंगारात निघालेल्या डब्याला वर्कशॉपात मोल येतं ते या पोर्टमुळे.

लातुरात रेल्वे कोच फॅक्टरी उभी राहिली, डिसेंबर २०२० मध्ये तिथून पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. पण दालमिलचा शाफ्ट, ट्रॉलीचा हूक, बंगल्याचं गेट ही नांदेड-लातूरकडची रोजची कामं पत्र्याच्या शेडमध्येच होतात. कंपनीचा तयार सीएनसी कंट्रोलर अशा शेडला जड जातो. जुना पीसी, तीन-चार स्टेपर मोटारी, त्यांचे ड्रायव्हर आणि लोखंडी टेबल एवढ्यावर मात्र प्लाझ्मा कटिंग उभं राहतं.

गेटच्या नक्षीचं ड्रॉइंग आधी जी-कोडमध्ये उतरवतात. जी १ म्हणजे सरळ रेघ, जी २ आणि जी ३ म्हणजे कमानी. एम ३ आलं की टॉर्च पेटते, एम ५ आलं की विझते. या ओळी वाचून कॉम्प्युटर पोर्टच्या पिनांवर पल्स सोडतो. एका पिनेवर ‘एक पाऊल टाक’, शेजारच्या पिनेवर ‘कुठल्या दिशेला’.

खरी कसोटी वेळेची आहे. साधी स्टेपर मोटार २०० टप्प्यांत एक फेरा घेते. ड्रायव्हरने प्रत्येक टप्प्याचे ८ भाग केले की १,६०० पल्स होतात. फेऱ्याला ५ मिलिमीटर सरकवणारा स्क्रू असेल तर एका मिलिमीटरला ३२० पल्स. मिनिटाला १ मीटर चालायचं तर सेकंदाला ५,३०० च्या वर पल्स हवेत, तेही सारख्या अंतराने. मध्येच कॉम्प्युटर अडखळला तर मोटार टप्पा चुकवते, आणि चुकल्याचं त्याला कळत नाही, कारण मोटारीकडून परत निरोप आणणारी वायरच नसते. पत्र्यावरचं वर्तुळ सुरू झालं तिथे येऊन मिळत नाही, जोडावर पायरी पडते. गिऱ्हाईक बोट फिरवून तीच आधी दाखवतं.

त्यामुळे या कामात नुसत्या वेगाला अर्थ नाही. लॅपटॉप कितीही महाग असो, वीज वाचवण्याच्या त्याच्या सवयी इथे घात करतात. जुना म्हणजे चांगलाच, असंही नाही. तपासून घ्यावा लागतो. मशीन चालवणाऱ्या लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी चाचणी आहे. पल्स सोडायला होणारा उशीर १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर पीसी उत्तम. १०० च्या वर गेला तर या कामासाठी सोडून द्यावा.

हे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत १९९० च्या दशकात सुरू झालं. सरकारी काम म्हणून ते सर्वांना खुलं राहिलं आणि आजही फुकट मिळतं. याच कामाचं मॅक ३ हे विंडोजवरचं सॉफ्टवेअर वापरणारेही पुष्कळ, पण त्याचा प्रिंटर पोर्ट ६४-बिट विंडोजवर चालत नाही. मग जुनं ३२-बिट विंडोज धरून ठेवावं लागतं, जसं एक्सपी, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये थांबवला. नव्याने टेबल बांधणाऱ्याने लिनक्सची वाट धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकायला वेळ लागतो, पण जवळच्या आयटीआयच्या पोरांनी हे शिकावं, इतकं ते मोलाचं आहे.

मराठवाड्याचा उन्हाळा आणि ग्राइंडरची धूळ हे या पीसीचे वैरी. लोखंडाचा भुगा वीज वाहून नेतो. मदरबोर्डवर बसला की शॉर्ट. डबा टेबलापासून लांब, बंद कपाटात, फिल्टर लावलेल्या पंख्यासह ठेवावा. प्लाझ्मा पेटताना निघणारा विद्युत गोंगाट पीसी हँग करतो, म्हणून अर्थिंग चोख हवं आणि पोर्ट व ड्रायव्हर यांच्यामध्ये ऑप्टो-आयसोलेशनचा बोर्ड हवाच. लाल इमर्जन्सी बटण मात्र कॉम्प्युटरच्या भरवशावर सोडू नये. ते दाबलं की मोटारींची आणि टॉर्चची वीज थेट तुटली पाहिजे.

बोर्डावरचा नाण्याएवढा सेलही वेळेवर बदलावा. तो संपला की बायोसमधली पोर्टची सेटिंग पुसली जाते आणि काल चाललेलं टेबल आज हलत नाही. मशीनच्या सेटिंगची फाइल पेनड्राइव्हवर काढून घरी ठेवावी. हार्डडिस्क बसली तर दुसरा जुना पीसी लावून त्याच दिवशी कटिंग सुरू करता येतं.