प्रत्येक फेरीत सहा

क्रोशाची गोल चकती टेबलावर सपाट बसायला हवी असेल, तर मुका खांब या आखूड टाक्याच्या प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवावे लागतात. पहिल्या फेरीत सहा, दुसऱ्या फेरीत बारा, मग अठरा, चोवीस, तीस. पाचच वाढवले तर चकतीची वाटी होते, आठ वाढवले तर कडेला चुण्या पडायला लागतात. हा सहाचा आकडा आला कुठून? मुका खांब साधारण चौरस असतो. जेवढा रुंद तेवढाच उंच. म्हणजे एक फेरी घातली की त्रिज्या एका टाक्याने वाढते, आणि त्रिज्या एकाने वाढली की परीघ दोन पायने (२π), म्हणजे सुमारे ६.२८ ने वाढतो. मुका नसलेल्या, नुसत्या खांबाची उंची मात्र रुंदीच्या जवळपास दुप्पट असते, म्हणून त्याच्या फेरीत बारा वाढवतात. ज्या बायकांनी पायचं नावही कधी ऐकलं नव्हतं, त्यांनी घराघरांत ताटावरचे रुमाल विणले आणि ते सपाट बसले. मला हे विलक्षण वाटतं.

आता यातलाच पुढचा हिशेब पाहा, कारण दिवाळीच्या प्रदर्शनात पहिल्यांदा टेबल मांडणारीला तो फार उपयोगी पडतो. दहा फेऱ्यांच्या चकतीत एकूण ३३० टाके असतात. वीस फेऱ्यांच्या चकतीत किती? १२६०. रुंदी दुप्पट, टाके जवळपास चौपट. स्टॉलवर हमखास विचारलं जातं, ‘ताई, ही चकती एवढ्याला, मग तिच्या दुप्पट मोठी चौपट किमतीला कशी?’ त्याचं उत्तर क्षेत्रफळात आहे. सरावलेला हात मिनिटाला वीस टाके घालतो असं धरू आणि तासाचे १२० रुपये लावू. लहान चकतीची मजुरी ३३ रुपये होते, मोठीची १२६. दोऱ्याचा खर्च वेगळा.

आणि जागेचं भाडं? समजा, तीन दिवसांचे ६००० रुपये आहेत आणि १५० वस्तू विकल्या जातील. म्हणजे प्रत्येक वस्तूवर ४० रुपये. सुट्या चकतीवर मजुरीपेक्षा भाड्याचाच बोजा जास्त बसला! पण सहा चकत्यांचा संच एकच वस्तू म्हणून विकला तर १९८० टाके, सुमारे २०० रुपये मजुरी, आणि भाडं तेच ४०. पेल्याखाली ठेवायच्या चकत्या संचानेच का विकाव्यात, हे इथे कळतं. किल्लीला लावायची फुलं आणि केसांचे बो यांना संच करणं जमत नाही, म्हणून ती टेबलावर न पसरता मागच्या जाळीवर उभी टांगायची. भाडं टेबलाच्या लांबीचं असतं, उंचीचं नाही. पुण्याची भीमथडी जत्रा असो, मुंबईचं महालक्ष्मी सरस असो किंवा सोसायटीच्या हॉलमधली चार टेबलं असोत, हे गणित बदलत नाही.

‘मशीनवर केलंय का?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. याचं उत्तर ऐकून माणसं थबकतात. सुयांवरच्या विणकामाचं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम लीने १५८९ साली बनवलं, आणि आज आपल्या अंगावरचा टी-शर्टही त्याच तत्त्वावर विणलेला असतो. क्रोशाचं तसं झालं नाही. सुयांच्या विणकामात ओळीतला प्रत्येक फास आपापल्या सुईवर बसलेला असतो, त्यामुळे तो कुठे आहे हे यंत्राला आधीच माहीत असतं. क्रोशात मात्र सुईवर बहुतेक वेळ एकच फास जिवंत असतो. पुढचा टाका घालायला आधी विणलेल्या, मऊ, वळवळणाऱ्या कापडातलं नेमकं भोक शोधायचं, त्यात आकडा घालायचा, दोरा पकडायचा, बाहेर ओढायचा. ते भोक डाव्या हाताची बोटं चाचपून पुढे करतात. त्या चाचपण्याची नक्कल करणं यंत्राला अवघड जातं. जर्मनीतल्या बीलेफेल्डच्या संशोधकांनी क्रोशाचं प्रायोगिक यंत्र बनवलं आहे, पण बाजारात जाईल असा खरा क्रोशे अजून हातानेच होतो. दुकानात यंत्राची क्रोशासारखी दिसणारी लेस मिळते, पण तिची वीण निराळी असते. म्हणजे मॉलमध्ये स्वस्तात टांगलेला खऱ्या क्रोशाचा टॉपही कुणीतरी टाका टाका करून विणलेला असतो.

हे मनात ठेवून आंध्रातल्या नरसापूरकडे पाहावं. गोदावरीच्या मुखाजवळच्या या भागात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली आणि ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या संशोधिकेचं तिथल्या विणकरणींवरचं पुस्तक १९८२ साली आलं. त्या बायका दिवसाचे सहा ते आठ तास विणत होत्या, तरी त्यांची गणना गृहिणींत व्हायची आणि विणणं हा फावल्या वेळचा उद्योग समजला जायचा. त्यामुळे मजुरीही फावल्या वेळाचीच मिळायची. ‘घरी बसल्या बसल्याच केलंय ना?’ हे वाक्य स्टॉलवर ऐकू येतं तेव्हा मला नरसापूर आठवतं, आणि राग येतो. आवडीने घातलेल्या टाक्यालाही तेवढाच वेळ लागतो.

आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात अनेक कुटुंबं क्रोशाच्या सुईवर तगली. तिथली युक्ती आजही घेण्यासारखी आहे: एकीने गुलाब विणायचे, दुसरीने पानं, तिसरीने ती जाळीने जोडायची. बचत गटाला मोठी ऑर्डर आली तर याहून चांगली वाटणी मला सुचत नाही.

आता सुरुवातीच्या चुण्यांकडे येऊ. फेरीगणिक ठरावीक सहाऐवजी प्रत्येक टाक्यात दोन टाके घातले तर टाके दर फेरीला दुप्पट होतात. कापडाला सपाट राहायला जागाच उरत नाही आणि ते प्रवाळासारखं दुमडत जातं. गणितज्ञ ज्याला अतिपरवलयी पृष्ठभाग म्हणतात, तो हाच. त्याच्या कागदी प्रतिकृती हाताळताना फाटायच्या. कॉर्नेल विद्यापीठात डायना टाइमिना यांनी १९९७ साली तो क्रोशाने विणला आणि त्यावर दोऱ्याने सरळ रेषा शिवून दाखवल्या. एका रेषेबाहेरच्या बिंदूतून जाणाऱ्या कितीतरी रेषा, आणि त्यांतली एकही त्या रेषेला मिळत नाही! शाळेत शिकलेली समांतर रेषांची भूमिती इथे लागू होत नाही, हे बोट फिरवून समजतं.

केसांच्या रबराची झालर हे त्याच पृष्ठभागाचं छोटं रूप, आणि ती स्टॉलवर झटकन उचलली जाते. पण तिची किंमत लावताना सावध राहावं लागतं. सहा टाक्यांपासून दुप्पट करत गेलं तर दहाव्या फेरीत ३०७२ टाके येतात, आणि आधीच्या नऊ फेऱ्यांची बेरीज असते ३०६६. म्हणजे अर्ध्याहून थोडा जास्त वेळ आणि जवळपास तेवढाच दोरा एकट्या शेवटच्या फेरीत जातो. ती गाळली तर झालर एका टाक्याच्या उंचीने कमी होते आणि तेवढ्याच वेळात दुसरी झालर तयार होते.