लोणारचा काळा पाषाण आणि समुद्राचे बिघडलेले रसायन

बुलडाणा - लोणारचे सरोवर उल्कापाताने निर्माण झाले, हे आता सर्वश्रुत आहे. डायनोसॉर नष्ट करणारी ती उल्का हीच असावी, असा समज मात्र चुकीचा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार लोणारचे विवर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचे आहे. डायनोसॉरांचा अंत झाला तो ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. त्या वेळची उल्का मेक्सिकोतील युकातान भागात कोसळली आणि तिचे विवर सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे आहे. लोणारचा व्यास जेमतेम १.८ किलोमीटर.

तरीही त्या महाविनाशाशी लोणारचे नाते आहे. ते उल्केमुळे नव्हे, तर ज्या काळ्या पाषाणावर ती आदळली त्या पाषाणामुळे आहे. हा बेसॉल्ट म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखींतून वाहिलेला लाव्हा. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. हे उद्रेक नेमके डायनोसॉरांच्या अंताच्या आगेमागे कित्येक लाख वर्षे चालू होते. लाव्ह्याबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि गंधकयुक्त वायू प्रचंड प्रमाणात हवेत मिसळले.

हवेतील कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळला, की कार्बोनिक आम्ल तयार होते. पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, खाली येतो आणि शिंपले, प्रवाळ व सूक्ष्म प्लवक ज्या कार्बोनेटपासून कवच बनवितात, ते पाण्यात कमी पडू लागते. शेतकऱ्याला जमिनीच्या सामूचे महत्त्व सांगावे लागत नाही. समुद्राचेही तसेच आहे. सायबेरियात २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी असेच महाउद्रेक झाले, तेव्हा सागरी प्रजातींपैकी ८० टक्क्यांहून अधिक नष्ट झाल्या. तापमानवाढ, पाण्यातील घटलेला प्राणवायू आणि आम्लता ही त्यामागची प्रमुख कारणे मानली जातात.

मग दख्खनने समुद्राचे काय केले? हा वाद जुना आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एकाच वेळी दोन शोधनिबंध आले. प्रिन्स्टनच्या गटाच्या मते उद्रेकांचा एक मोठा टप्पा विनाशाच्या काही हजार दशके आधीच सुरू झाला होता. बर्कलेच्या गटाच्या मते सुमारे तीनचतुर्थांश लाव्हा उल्कापातानंतर वाहिला. त्याच वर्षी नेदरलँड्समधील एका गुहेत सापडलेल्या सूक्ष्म कवचांतील बोरॉन तपासण्यात आले. उल्कापातानंतर अल्पावधीतच समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे पाव अंकाने घसरल्याचे त्यातून दिसले. आधीपासून हळूहळू घसरण होत असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. येथे तरी आरोप उल्केवर अधिक ठळकपणे येतो. युकातानचे खडक गंधकयुक्त होते आणि आघाताने त्यांची वाफ होऊन आम्लवर्षा झाली, असे मानले जाते. देवघरातील शाळिग्रामात ज्याचे चक्र उमटलेले दिसते, तो अमोनाइट हा जीव या आपत्तीत कायमचा संपला.

पाव अंक हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु सामूची पट्टी दसपटीने चालते. पाव अंकाची घट म्हणजे आम्लता पावणेदोन पटींहून अधिक.

या बिघाडावर पृथ्वीपाशी जो उपाय आहे, त्याचा एक नमुना लोणारातच पाहावयास मिळतो. पावसाच्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइड बेसॉल्टला झिजवितो आणि त्यातून बायकार्बोनेट तयार होते. जो दगड वितळलेला असताना कार्बन ओकत होता, तोच थंड झाल्यावर कार्बन शोषून घेतो. लोणारातून पाण्याला बाहेर वाट नाही. त्यामुळे हा क्षार साचत गेला आणि दीर्घकाळच्या नोंदींत पाण्याचा सामू १० च्या आसपास आढळला. अशा पाण्यात नील-हरित शेवाळ माजते. जून २०२० मध्ये पाणी घटून खारटपणा वाढला, तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी झाले होते.

बाकी जिल्ह्यातून हेच क्षार पैनगंगेतून गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात आणि पूर्णेतून तापीमार्गे अरबी समुद्रात जातात व तेथील आम्लता थोडी थोडी मारतात. पण हे काम हजारो, किंबहुना लाखो वर्षांच्या हिशेबाने चालते. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राचा सरासरी सामू ८.२ वरून ८.१ वर आला आहे, तो अवघ्या दोन-अडीच शतकांत. बेसॉल्टचे पीठ करून शेतजमिनीत मिसळायचे आणि दगडाची झीज वेगवान करायची, असे प्रयोग आता भारतासह अनेक देशांत सुरू आहेत. त्यातून प्रत्यक्षात किती कार्बन शोषला जातो, याची मोजदाद हा त्यातील सर्वांत अवघड भाग ठरला आहे.