गाडी, दारू आणि कायदा (९) : जामीनदार इथलाच हवा?

श्वासचाचणीचं यंत्र या आठवड्यात उघडून पाहायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या खेपेला. नाकाबंदीवरचा लेख वाचून सांगलीच्या एका वाचकांनी चार पानी पत्र पाठवलं आहे, आणि त्यातला प्रश्न बाजूला सारून मला पुढे जाववेना.

पत्र त्यांच्या भाच्याविषयी आहे. डिसेंबरात तो मित्रांबरोबर गोव्याला गेला. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या दोन भाड्याच्या स्कूटर घेतल्या. रात्री जेवून परतताना नाकाबंदी लागली, नळीत फुंकायला सांगितलं, आकडा आला ४१. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. स्कूटर ठाण्यात गेली, लायसन्स जप्त झालं, सकाळी कोर्टात हजर राहायला सांगून मुलाला सोडलं. मामा मिळेल त्या गाडीने रातोरात निघाले. पिशवीत शेताचा सातबारा, आधार, रेशनकार्ड. कोर्टाच्या व्हरांड्यात एका माहीतगार इसमाने सातबारा हातात घेतला, वरचं ‘तालुका मिरज’ वाचलं आणि परत दिला. ‘हा चालणार नाही. जामीनदार इथला लागतो. नाही म्हणालात तर दर तारखेला सांगलीहून यावं लागेल. कबूल करा, दहा हजार भरा, संध्याकाळची गाडी पकडा.’

मुलाने कबूल केलं, दहा हजार भरले, संध्याकाळची गाडी पकडली. आता त्याची सरकारी नोकरीसाठी निवड झाली आहे. समोर साक्षांकन नमुना आहे आणि त्यात अटक, खटला, शिक्षा, दंड यांचे रकाने आहेत. मामा विचारतात, ‘त्या दिवशी दुसरं काही करता आलं असतं का? आणि आता इथे काय लिहायचं?’

आधी एक स्पष्ट सांगतो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पाठीशी घालण्यासाठी ही लेखमाला नाही. अशा गाडीखाली सापडलेल्यांच्या घरच्यांची वकिली मी केली आहे, आणि ज्याच्याविरुद्ध पुरावा पक्का आहे त्याला शिक्षा व्हावी असंच मला वाटतं. पण परगावच्या माणसाला शिक्षा होते तेव्हा अनेकदा पुरावा कोणी तपासलेलाच नसतो. एसटीची वेळ आणि तारखांची भीती या दोनच गोष्टींवर निकाल लागतो. हे मला वर्षानुवर्षं सलत आलं आहे. अंतर पडलं म्हणून बचाव सोडावा लागू नये, यासाठी कायद्यात सोयी आहेत. त्या मागाव्या लागतात, आणि कोणी मागत नाही.

व्हरांड्यातल्या सल्ल्याचा पहिला भाग घेऊ : जामीनदार इथला लागतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा पहिला गुन्हा म्हणजे जास्तीत जास्त ६ महिने कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हा जामीनपात्र गुन्हा आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, ती कोणाची मेहरबानी नसते. उरतो प्रश्न जामीनदाराचा. त्यासाठी १९७८ मधला मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा निकाल प्रत्येक प्रवाशाने खिशात ठेवावा, इतका तो मला प्रिय आहे.

मोतीराम गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि तपशील मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांवर सोपवला. त्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. १९७८ चे दहा हजार, आणि मागितले कोणाकडे, तर गवंड्याकडे! त्याचा भाऊ जामीन राहायला पुढे आला, तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. मोतीराम पुन्हा दिल्लीला गेला. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी तो निकाल लिहिला. एखादा मल्याळी किंवा तमिळ माणूस बस्तर, पोर्ट ब्लेअर नाहीतर पहलगामला पकडला गेला, तर त्याने तिथे जमीनजुमला असलेला जामीनदार आणायचा कुठून, असा त्यांचा सवाल होता. राज्यघटनेचं कलम १४ साऱ्या देशाला लागू आहे, तेव्हा जिल्ह्याबाहेरचा म्हणून जामीनदार नाकारता येणार नाही, असं त्यांनी बजावलं आणि मोतीरामला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं.

गोव्याच्या व्हरांड्यात मिरज तालुक्याचा सातबारा परत देणाऱ्या इसमाला हे ठाऊक नसेल. पण तो इसम न्यायाधीश नव्हता, हे महत्त्वाचं. सातबारा न्यायाधीशांच्या टेबलापर्यंत पोचलाच नाही. अर्ज झाला नाही, म्हणून नाकारलाही गेला नाही. पुढे ३१ जानेवारी २०२३ ला न्या. संजय किशन कौल आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने जामीन होऊनही तुरुंगात खितपत पडलेल्यांसाठी जे निर्देश दिले, त्यातही हेच आहे : स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, तेव्हा न्यायालयांनी ती अट घालू नये. हे निर्देश कैद्यांच्या संदर्भातले आहेत, पण अर्जात त्यांचा आधार जरूर घ्यावा.

प्रत्यक्षात काय करायचं? तीन वाटा, याच क्रमाने. पहिली, जातमुचलका : नोकरी, कायमचा पत्ता, आधीचा गुन्हा नाही, हे लिहून जामीनदाराशिवाय सोडण्याची विनंती. दुसरी, रोख अनामत : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९० खाली मुचलक्याऐवजी रक्कम भरण्याची परवानगी मागता येते. परगावच्या आरोपीला ही सर्वांत सोयीची, कारण खटला संपल्यावर ते पैसे परत मागता येतात. दंडाचे दहा हजार कधीच परत येत नाहीत. तिसरी वाट घरचा जामीनदार : सातबारा किंवा घरपट्टीची पावती आणि तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला घेऊन. या तिसऱ्या वाटेसाठी पंधरा दिवसांची मुदत मागून तोवर रोख जामिनावर राहता येतं. मी असे अर्ज केले आहेत, आणि मंजूर झालेले पाहिले आहेत.

आता सल्ल्याचा दुसरा भाग : दर तारखेला यावं लागेल.

संहितेचं कलम २२८ वाचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम २०५ होतं. समन्स काढतानाच न्यायदंडाधिकारी आरोपीला प्रत्यक्ष हजेरीतून सूट देऊन वकिलामार्फत उभं राहू देऊ शकतात. खटला चालू असतानाची सूट कलम ३५५ मध्ये आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं स्वतःचं कलम २०८ आहे. समन्सवरच ‘स्वतः या किंवा वकील पाठवा’ असं लिहिण्याची तरतूद त्यात आहे. ज्या गुन्ह्याला कैद नाही तिथे हे लिहिणं बंधनकारक, आणि कलम १८५ सारख्या कैद असलेल्या गुन्ह्यात न्यायालयाच्या मर्जीवर. मर्जीवर असलेली गोष्ट मागितल्याशिवाय मिळत नाही.

अर्जात काय लिहायचं, तेही सांगतो, कारण इथेच अर्ज पडतात. ‘मी लांब राहतो’ एवढं पुरत नाही. फिर्यादी पक्षाचा साक्षीदार ‘हाच तो माणूस’ म्हणाला तर आपण ओळखीबद्दल वाद घालणार नाही. आपल्या गैरहजेरीत, वकिलासमोर साक्ष नोंदवायला हरकत नाही. बोलावलं की हजर राहू. या तीन हमी लिहून द्याव्यात. मग न्यायालयाची मुख्य अडचण, म्हणजे आरोपीअभावी तारीख वाया जाणं, ती दूर होते. अशी सूट मिळाली तर प्रत्यक्ष जाण्याचे दिवस फार थोडे उरतात.

वकील कोणता घ्यावा, हेही वाचक नेहमी विचारतात. महाराष्ट्र आणि गोवा यांची वकील परिषद एक आहे, उच्च न्यायालयही एकच. सांगलीचा वकील गोव्यात उभा राहू शकतो. तरीही माझं मत तिथलाच वकील घ्यावा असं आहे. त्या ठाण्यातलं यंत्र किती दिवसांपूर्वी तपासून आलं, त्या रात्री नाक्यावर कोण अंमलदार होते, हे त्याला चार पावलांवर कळतं. आणि वकील करण्याची ऐपत किंवा सवडच नसेल तर? विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा राष्ट्रीय क्रमांक १५१००. गोव्यात निदान भाषेची अडचण येत नाही. हंपीला किंवा गोकर्णला पकडलं गेल्यावर आरोप काय आहे हेच न कळता मान डोलावणारी मुलं मी पाहिली आहेत.

मान डोलावण्याचा अर्थ काय होतो, तो आता पाहू. सल्ल्याचा सगळ्यात घातक भाग हाच होता.

लोक याला ‘पावती फाडली’ म्हणतात. हेल्मेट नसल्याची पावती फाडतात तशी ही पावती नसते. कलम १८५ हे तडजोडीच्या यादीत नाही, त्यामुळे रस्त्यावर पैसे भरून ते मिटत नाही. न्यायालयातच जावं लागतं, आणि तिथे ‘कबूल’ म्हटलं की होते ती दोषसिद्धी. संहितेच्या कलम २७४ प्रमाणे आधी आरोपाचा तपशील आरोपीला सांगायचा असतो. कलम २७५ प्रमाणे त्याची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवायची असते. कबुली दिल्यावर अपिलाचा दरवाजा जवळजवळ बंद होतो. कलम ४१६ खाली फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर की नाही, एवढ्यापुरतंच भांडता येतं. लायसन्सही निलंबनाच्या कारवाईसाठी परवाना अधिकाऱ्याकडे जातं. तिथे कलम १९ प्रमाणे म्हणणं मांडण्याची संधी असते, तीही बहुतेक जण सोडून देतात.

आणखी एक बदल फारसा कोणाच्या लक्षात आलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने दंड २,००० वरून १०,००० झाला, ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण पूर्वी दुसऱ्या गुन्ह्याची वाढीव शिक्षा आधीचा गुन्हा ३ वर्षांच्या आतला असेल तरच लागायची. ते शब्दच त्या दुरुस्तीने काढून टाकले. आता पंचविसाव्या वर्षी गोव्यात दिलेली कबुली पंचेचाळिसाव्या वर्षी पुण्यात दुसऱ्या गुन्ह्याचा पाया होऊ शकते. दुसऱ्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. संध्याकाळच्या गाडीसाठी एवढं मोल द्यायचं का, हे त्या मुलाला व्हरांड्यात कोणी विचारलं नाही.

४१ हा आकडाही तपासण्यासारखा होता. मर्यादेच्या इतक्या जवळ यंत्राचं तपासणी प्रमाणपत्र, नळी बदलली का, चाचणीची वेळ, छापील पट्टीवरचा अनुक्रमांक हे सगळं बोलू लागतं. आकडा १४० असता तर मीही त्याला लढ म्हटलं नसतं. शिक्षा कमी व्हावी म्हणून वकील दे, इतकंच सांगितलं असतं.

आता मामांचा दुसरा प्रश्न. फॉर्मात खरं लिहा. सगळं लिहा. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी फॉर्ममधल्या माहितीचा प्रश्न सविस्तर सोडवला आहे. माहिती खरी हवी, हे त्याचं पहिलं सूत्र. खरी माहिती दिली तरी नियुक्ती करायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याकडे राहतो, पण गुन्ह्याचं स्वरूप पाहूनच त्याने तो वापरायचा असतो. लपवलेलं उघडकीस आलं तर मात्र मूळ गुन्ह्यापेक्षा लपवणंच अंगाशी येतं. तेव्हा कलम, न्यायालय, खटल्याचा क्रमांक, तारीख, दंडाची रक्कम लिहा आणि आदेशाची प्रमाणित प्रत जोडा.

ती प्रत हातात आली की जोडण्याआधी एकदा शांतपणे वाचा. कबुली कशी नोंदवली आहे ते पाहा. आरोप समजावून सांगितल्याची नोंद आहे का, मुलाचे शब्द आहेत का, की नुसत्या छापील ओळीखाली सही आहे? तपशील न सांगता कबुली घेतल्याचं दिसत असेल, तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो. त्याची मुदत ९० दिवसांची असते. पत्रावरची तारीख पाहता ती उलटलेली दिसते. विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागेल आणि उशिराचं कारण खरं आणि नेमकं द्यावं लागेल. तिथल्या वकिलाला प्रत दाखवा, पण फॉर्म भरायचा त्यासाठी थांबवू नका. त्याची मुदत वेगळी चालते.

यंत्राच्या छापील पट्टीची झेरॉक्सही त्याच कागदपत्रांत मिळेल. मामांनी ती मला पाठवली तर नाव-गाव झाकून पुढच्या आठवड्यात तीच पट्टी वाचू.