सिलोनचा रेडिओ आपल्या घरात कसा पोचला?



इस्लामपूर भागात गटांच्या बैठकीत जुन्या गाण्यांचा विषय निघाला, की सत्तरीच्या पुढच्या मावश्या-आज्या ‘रेडिओ सिलोन’चं नाव हमखास घेतात. मग सुना-लेकी विचारतात, सिलोन म्हणजे काय? सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. तिथल्या सरकारचा रेडिओ समुद्र ओलांडून आपल्याकडं ऐकू यायचा. तो कसा आणि कशासाठी, हे आज समजून घेऊ.

आधी ‘कसा’ ते बघू. एफएमच्या लहरी सरळ जातात, डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून सामुदायिक रेडिओ आसपासच्या गावांपुरताच ऐकू येतो. मिडियम वेव्हच्या लहरी जमिनीलगत बऱ्याच लांब जातात. 1963 साली सुरू झालेलं आपलं सांगली आकाशवाणी केंद्र जिल्हाभर ऐकू येऊ लागलं, ते त्यामुळंच. शॉर्टवेव्हची तऱ्हा वेगळी. या लहरी वर आकाशात जातात. तिथं शेकडो किलोमीटर उंचीवर, उन्हामुळं तयार झालेला विजेचा भार असलेला थर आहे. भिंतीवर मारलेला चेंडू परत यावा, तशा या लहरी त्या थरावरून खाली येतात आणि हजारो किलोमीटर लांब जाऊन उतरतात. दिवस-रात्रीप्रमाणं हा थर बदलतो. म्हणून आवाज कधी मोठा, कधी बारीक व्हायचा, मध्येच खरखर यायची आणि काटा सारखा फिरवावा लागायचा.

आता ‘कशासाठी’? दुसऱ्या देशातल्या माणसांच्या कानापर्यंत आपलं म्हणणं पोचवायला सरकारांना शॉर्टवेव्ह फार सोयीची होती. रस्ता लागत नाही, सीमेवर कुणी अडवत नाही. आपल्या आकाशवाणीचं परदेशासाठीचं प्रसारण 1 ऑक्टोबर 1939 रोजी पुश्तू भाषेत सुरू झालं. दुसरं महायुद्ध नुकतंच पेटलं होतं आणि अफगाणिस्तानाकडच्या लोकांवर जर्मनीच्या प्रचाराचा परिणाम होऊ नये, असं तेव्हाच्या इंग्रज सरकारला वाटत होतं.

सिलोनचं केंद्रही युद्धातलंच. इंग्रजांनी फौजेसाठी कोलंबोजवळ ताकदवान शॉर्टवेव्ह यंत्रणा उभारली. युद्ध संपल्यावर ती सिलोन सरकारच्या हाती आली. तिचा आवाज भारतभर पोचत होता.

त्याच वेळी आपल्याकडं एक गोष्ट घडली. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे मोठे कैवारी. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची आवड बिघडते, असं त्यांचं मत. आकाशवाणीवर सिनेमाची गाणी फार कमी झाली. त्यांच्या काळात शास्त्रीय संगीताला मोठा आधार मिळाला, हेही खरंच. पण लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि सिलोन लावलं.

त्याच वर्षी डिसेंबरात सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप कोलंबोला जायची आणि दर बुधवारी रात्री तिथून तो भारतात ऐकू यायचा. हजारो पत्रं येऊ लागली. शेवटी आपल्या सरकारनं 3 ऑक्टोबर 1957 रोजी ‘विविध भारती’ सुरू केली. ऐकणाऱ्यांनी नुसता काटा फिरवला, त्याचाही सरकारला विचार करावा लागला.

अमीन सयानी बोलायला सोपं कुठं शिकले, तेही सांगायला हवं. त्यांच्या आई कुलसुम सयानी नव्यानं वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढत. लहानपणी अमीन त्यांना मदत करत. कुणालाही कळेल अशी भाषा त्यांना तिथं मिळाली.

पण सिलोन काही फुकटात गाणी वाजवत नव्हतं. ‘बिनाका’ हे टूथपेस्टचं नाव. भारतातल्या जाहिरातींचा पैसा तिकडं जात होता. म्हणून रेडिओ असो, टीव्ही असो की मोबाइलवर आलेला निरोप, तीन प्रश्न विचारायची सवय लावू या. बोलतंय कोण? पैसा कुणाचा? आणि हे मला का सांगितलं जातंय? कर्जमाफी, नवी योजना, औषध अशा विषयात तर हे विचारल्याशिवाय एक रुपयाही हलवू नये, कुठं अंगठा देऊ नये की सही करू नये.

दुसरं, सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या तयार करून देण्याची परवानगी नाही. त्यामुळं बातमीसाठी आपल्याला बाहेरच्यांवरच अवलंबून राहावं लागतं. एक बातमी दोन ठिकाणी ताडून बघावी, हे उत्तम. पण पाणी, रेशन, दुधाचा दर, बाळंतपण, बँकेचा व्यवहार यांवर आपण आपल्या आवाजात बोलू शकतो. काय ऐकायला हवं, हे केंद्राला कळवूही शकतो.

तेव्हा पुढच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं काढा. कोणता कार्यक्रम उपयोगी पडला, कोणता विषय राहिला, हे वहीत लिहा आणि गटाच्या नावानं एक पत्र केंद्राला पाठवा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचं म्हणणंही त्यात यायला हवं.