आधी कोणते स्वातंत्र्य? अल्जिरिया आणि आपले वऱ्हाड

गुलामीविरुद्धच्या प्रत्येक लढ्यात एक वाक्य ऐकू येते : आधी परक्याला घालवू, घरातले मग पाहू. महाराष्ट्राला हे वाक्य नवे नाही. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा वाद टिळक-आगरकरांच्या काळापासून आपल्याकडे गाजला. १८९५ साली पुण्याला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले तेव्हा सामाजिक परिषदेला सभेच्या मंडपात जागासुद्धा मिळू दिली गेली नाही. घरातले ‘मग’ पाहायचे ठरले. या ‘मग’चे पुढे काय होते, हे तपासणे आपल्या दृष्टीने अगत्याचे आहे. त्यासाठी अल्जिरियाकडे पाहावे असे मला वाटते.

अल्जिरियाच का, असे कोणी विचारील. एक तर तेथील लढ्याइतका रक्तरंजित लढा आफ्रिकेत क्वचितच झाला. दुसरे म्हणजे त्या लढ्याने फ्रान्झ फॅनन हा विचारवंत जगाला दिला, आणि आपल्या पिढ्यांनी निग्रो साहित्याबरोबर त्यालाही आपला मानले. फॅनन मार्टिनिक बेटावरचा काळा डॉक्टर. ब्लिदा येथील मनोरुग्णालयात त्याने १९५३ ते १९५६ काम केले, मग राजीनामा देऊन तो क्रांतिकारकांना मिळाला. त्याचे निधन ६ डिसेंबर १९६१ रोजी झाले. ही तारीख आपल्याला वेगळी सांगावी लागत नाही. अल्जिरियाचे स्वातंत्र्य त्याने पाहिले नाही. पण त्यात कोठे कीड लागेल ते त्याच वर्षीच्या पुस्तकात लिहून ठेवले. परका गोरा गेला की देशी मध्यमवर्ग त्याच्या खुर्चीत बसेल आणि त्यालाच राष्ट्र म्हणेल, हा त्याचा इशारा होता.

फ्रेंच फौजा १८३० साली अल्जिअर्सला उतरल्या. पुढची १३२ वर्षे त्या देशात मुख्य प्रश्न राहिला तो जमिनीचा. जमातींची सामायिक जमीन होती, सरकारी जमीन होती, धर्मादाय जमीन होती. १८७१ चे मोक्रानीचे बंड मोडल्यावर लाखो हेक्टर जमीन जप्त झाली. १८७३ च्या कायद्याने सामायिक जमिनीचे खाजगी तुकडे पाडले आणि ते गोऱ्या वसाहतवाल्यांनी स्वस्तात उचलले. १९५४ च्या सुमारास १० लाख युरोपीय आणि सुमारे ९० लाख मुसलमान अशी लोकसंख्या होती. पण सुमारे २७ लाख हेक्टर जमीन युरोपीयांकडे, तीही सुपीक पट्ट्यात. जेथे गहू पिकायचा तेथे दारूसाठी द्राक्षे लागली, आणि दारू ज्याला निषिद्ध तो मुसलमान त्या मळ्यांत मजुरी करू लागला.

मात्र गोऱ्या मालकाच्या आधीपासून तेथे देशी मालकही होता. त्याच्या शेतावर राबणाऱ्याला ‘खम्मास’ म्हणत. खम्स म्हणजे पाच. पिकाचा पाचवा वाटा त्याचा, चार मालकाचे. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्याकडचा सालदार आठवला. माझ्या वडिलांनी सालदारकी केली आहे; पाडव्याला बोली ठरायची आणि वर्षभराचे अंग मालकाचे व्हायचे. खम्मासला निदान वाटा होता. सालदाराला ठरलेले धान्य, थोडी रोकड आणि उचलीचे कर्ज.

१ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने उठाव केला. या लढ्याला मनुष्यबळ पुरवले ते खेड्यांनी. फ्रेंच सैन्याने वीस लाखांच्या आसपास खेडुतांना गावांतून उठवून छावण्यांत कोंडले. मृतांचा अधिकृत अल्जिरियन आकडा १५ लाख आहे. इतिहासकार तो बराच कमी मानतात, पण त्यांच्या हिशोबातही तो लाखांतच जातो. ५ जुलै १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला आणि काही महिन्यांत बहुतेक युरोपीय निघून गेले.

आता ‘मग’ची पाळी आली होती. तीन प्रश्न थांबवून ठेवलेले होते.

पहिला जमिनीचा. गोऱ्यांच्या सोडलेल्या मळ्यांवर मजुरांनी ताबा घेतला होता. मार्च १९६३ च्या हुकूमनाम्यांनी त्यांच्या समित्यांना मान्यता मिळाली. पण प्रत्येक मळ्यावर सरकारने नेमलेला संचालकही आला. हळूहळू समिती नावाला उरली आणि मजूर सरकारचा पगारी गडी झाला. देशी जमीनदाराला हात लागला तो १९७१ च्या कृषिक्रांतीत, तोही अर्धवट.

दुसरा प्रश्न भाषेचा. बर्बर लोकांनी, विशेषतः काबील प्रदेशाने, लढ्यात मोठी किंमत मोजली. पण १९४९ मध्येच, आपण केवळ अरब नाही असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांना राष्ट्रीय पक्षातून फुटीर ठरवून काढण्यात आले होते. स्वातंत्र्यानंतर मार्च १९८० मध्ये तिझी-ऊझू येथे मुलूद मामेरी या लेखकाचे जुन्या काबील कवितेवरचे व्याख्यान सरकारने बंद पाडले. एका व्याख्यानावरून प्रदेश पेटला. त्यांच्या तामाझिग्त भाषेला राजभाषेचा दर्जा मिळायला २०१६ साल उजाडले.

तिसरा प्रश्न स्त्रियांचा. जमीला बूहिरेदसारख्या मुलींनी छळ आणि फाशीची शिक्षा अनुभवली. १९८४ च्या कुटुंब कायद्याने त्याच देशात सज्ञान स्त्रीच्या लग्नाला पुरुष पालक आवश्यक ठरवला. विरोध करायला जी बाई पुढे आली तिला सांगण्यात आले की हा राष्ट्राचा धर्म आहे.

सत्ता मात्र लढ्याच्या नावावरच चालली. २०१९ साली पाचव्यांदा राष्ट्राध्यक्ष होऊ पाहणारे बूतेफ्लिका मुक्तिलढ्यातलेच सैनिक होते. लाखो तरुण रस्त्यावर आले तेव्हा ते पायउतार झाले.

आता वऱ्हाडाकडे येऊ. आपल्याकडे गोरा मालक शेतावर येऊन बसला नाही. निजामाच्या कर्जापोटी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने घेतले गेले आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडले गेले. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ नंतर मँचेस्टरला कापूस मिळेना. त्याची नजर वऱ्हाडावर पडली. खामगावची बाजारपेठ फुगली, जलंबहून खामगावला खास रेल्वेचा फाटा आला. ज्वारीच्या रानात कापूस शिरला. त्याच रेल्वेने विलायती कापड खेड्यात आले आणि जाडेभरडे विणणाऱ्या महारांच्या मागाची कंबर मोडली. छप्पनचा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९०० चा, वऱ्हाडावर कोसळला तो अशा काळात. तेव्हा इंग्रजी राज्य दलितांना वरदान होते असे म्हणणाऱ्याने हा हिशोब एकदा पाहावा.

पण दुसराही हिशोब आहे. फॅनन वसाहतीतल्या दोन शहरांविषयी लिहितो, एक गोऱ्याचे आणि एक काळ्याचे. आपल्याकडे गाव आणि महारवाडा ही फाळणी कोणत्याही गोऱ्याने केली नव्हती. म्हणून १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी दोन्ही गोष्टी एकाच भाषणात सांगितल्या. इंग्रजांनी आमची विहीर, देऊळ, पोलिसातली नोकरी यांपैकी काही खुले केले नाही, म्हणून हे राज्य जावे. आणि जे येईल त्यात आमचा वाटा आधी ठरावा. ‘मग’ हा शब्द त्यांनी नाकारला. त्याबद्दल त्यांना राष्ट्रद्रोही म्हटले गेले. १९४९ मध्ये काबील कार्यकर्त्यांना जे ऐकावे लागले तेच हे.

या नकाराचे फळ काय? अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम, राखीव जागा, शिष्यवृत्ती. माझ्यासारखा, घरात पहिल्यांदाच पदवी आलेला माणूस महाविद्यालयात शिकवतो तो त्यामुळे. जे आधी ठरवून घेतले ते हाती आले.

जे आधी ठरले नाही ते जमिनीचे. ‘संस्थाने आणि अल्पसंख्याक’ या १९४७ च्या निवेदनात बाबासाहेबांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन जातपात न पाहता गावाला कसायला द्यावी आणि हे घटनेतच लिहावे असे सुचवले होते. ते घटनेत आले नाही. अल्जिरियात निदान गोऱ्याचे मळे रिकामे झाले. आपल्या गावात मालक होता तेथेच राहिला. दलितांच्या वाट्याला रिकामे असे एकच उरले : गायरान.

बुलढाणा-अकोल्याकडे गायरानाला आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. इंग्रजांनी वर्गवारी करताना दिलेले हे अक्षर. राज्य गेले, अक्षर राहिले. जुलै १९३० मध्ये लोकनायक अण्यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापले तेव्हा तो सत्याग्रह होता, आणि तो होताच. भूमिहीन महार, मांग, पारधी ई-क्लासवर नांगर घालतो तेव्हा ते अतिक्रमण असते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ च्या सत्याग्रहांत हजारोंना तुरुंगात नेले ते हा फरक पुसण्यासाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. अनेकांच्या सातबाऱ्यावर नाव मात्र चढले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गायराने मोकळी करायला सांगताना भूमिहीनांना व अनुसूचित जातीजमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला आहे. पण ज्याच्याकडे पट्टाच नाही त्याला अपवादाचा काय उपयोग? दादासाहेबांच्याच नावाच्या योजनेत चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन मिळू शकते, पण कोणी मालक विकायला तयार असेल तर.

अल्जिरियाचा धडा येथे दुहेरी आहे. थांबवलेला प्रश्न आपोआप परत येत नाही, हा पहिला. दुसरा असा की जमीन राज्याने घेतली तरी कसणाऱ्याचा हात कागदावर नसेल तर मालकाच्या जागी संचालक येतो. म्हणून मागणी ‘जमीन द्या’ एवढी मोघम नको. ज्याने गायरान किती हंगाम कसले त्याच्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, ग्रामपंचायतीचे ठराव हे पुरावे गोळा झाले पाहिजेत. अतिक्रमणाचा दंड भरल्याची पावती हाच कसल्याचा सर्वांत भक्कम पुरावा असतो. ती चुलीत जाता कामा नये. आपल्या शिकलेल्या पोरांनी तलाठ्याच्या दप्तरात ई-क्लासचा नकाशा पाहायला शिकले पाहिजे.

परक्याला घालवणे हे स्वातंत्र्याचे अर्धे काम. उरलेले अर्धे ‘मग’वर टाकले की ते दुसऱ्याच्या नावावर चढते. बाबासाहेबांनी ‘मग’ नाकारला म्हणून आपण येथवर आलो. सातबाऱ्याच्या बाबतीतही तो आपण नाकारला पाहिजे.