नंबर गेला, डोळा तोच

मोतीबिंदू काढून घरी आलेला माणूस सांगतो, सगळे रंग धुऊन काढल्यासारखे दिसतात. आमच्या घरात डोळ्याच्या तेजाला ‘नूर’ म्हणतात. नूर परतला याचा आनंद असतोच. पण भिंगाच्या मागे जो पडदा आहे, म्हणजे दृष्टिपटल, त्याचे आणि त्यातील बारीक रक्तवाहिन्यांचे काय होते, हे फारसे कुणी विचारत नाही.

माझ्या थोरल्या भावाला लहानपणापासून मायनस दहाचा चष्मा, भाभींना प्लसचा. हा प्लस चाळिशीचा नव्हे, जन्मापासून आखूड असलेल्या डोळ्याचा. साधारण डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर असतो. मायनसचा डोळा बहुधा त्याहून लांब, कधी २६च्याही पुढे जातो. फुगा फुगवला की रबर पातळ होते, तसा त्यातला पडदा ताणला जातो आणि रक्तवाहिन्या बारीक, विरळ दिसतात. प्लसच्या डोळ्यात पुढची जागाच कमी. त्यात मोतीबिंदूचे भिंग जाडावले की पाणी निचरण्याची वाट अरुंद होते, दाब वाढू शकतो.

शस्त्रक्रियेत आत द्रव सोडतात, तेव्हा डोळ्यातला दाब काही मिनिटे वाढतो. पुढे तो बहुधा पूर्वीपेक्षा थोडा उतरतो. आखूड डोळ्यात जाड भिंग जाऊन पातळ कृत्रिम भिंग बसते, जागा होते. म्हणून हा दिलासा तिथे अधिक जाणवतो. दाब उतरला की रक्ताला वाट सुकर होते. दुसरीकडे, शस्त्रक्रियेनंतरच्या दाहामुळे केशवाहिन्या थोड्या पाझरू शकतात. काहींच्या पडद्याच्या मध्यभागी सूज येते, तीही बहुधा चार ते सहा आठवड्यांनी. म्हणून थेंब मनाने बंद करू नयेत.

आता सुई न टोचता, रंगद्रव्य न देता, प्रकाशाने या वाहिन्यांचे चित्र घेता येते. शस्त्रक्रियेनंतर या चित्रात वाहिन्या अनेकदा दाट दिसतात. पण मळकी काच पुसल्यावर बागेत झाडे वाढत नाहीत, ती नीट दिसू लागतात इतकेच. तसाच यातला काही भाग स्वच्छ भिंगाचा असतो. सगळाच बदल रक्तप्रवाहाचा मानू नये.

चष्मा सुटल्यावर भाईजान म्हणाले, ‘‘नंबर गेला, आता पडदा कशाला तपासायचा?’’ डॉक्टरांनी त्यांना समजावले ते सर्वांनी ध्यानात ठेवावे. नवे भिंग नंबर घालवते, डोळ्याची लांबी घालवत नाही. ताणलेला पडदा तसाच राहतो, आणि अशा डोळ्यात तो सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतर वाढतो, पुढची काही वर्षेही राहतो. विजेसारखे चमकले, काळे ठिपके अचानक वाढले किंवा बाजूने सावली सरकू लागली, तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पडदा वेळेत बसवला, तर बहुतेकदा नजर वाचते.